जमीन कारखान्याची, माती माझी

मी, मालनबाई कोम पुंजाराम पालवे, वय अंदाजे चौसष्ट, धंदा भाजीपाला, मूळ राहणार पाथर्डीकडची, हल्ली राहणार साखर कारखान्याची कामगार वसाहत, पुणतांब्याच्या अलीकडे, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीवर असून, आज सकाळी दीड भाकरी खाऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर रागाने हे मृत्युपत्र करून ठेवते. "रागाने" हा शब्द गुरुजींना काढायचा होता. मी काढू दिला नाही. मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि रात्रशाळेचे बन्सी गुरुजी लिहितात. आपल्या पदरचे काही घालायचे नाही, असे मी त्यांना बजावले आहे.

कारण असे की, वसाहतीच्या मागे, पाटाच्या चारीला लागून कारखान्याने कामगारांना भाजीसाठी दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे दिले आहेत. दर पाडव्याला यादी नव्याने लागते. ज्याचे नाव यादीत, त्याने वर्षभर पिकवायचे. आमच्या तुकड्यावर आधी माझ्या मालकांचे नाव होते, ते वारल्यावर मुलगा राधाकृष्ण याचे लागले. अठरा वर्षांत माझे एकदाही लागले नाही, कारण मी कामगार नाही, आणि कामगाराने स्वतः अर्ज दिला तरच घरच्या बाईचे लागते, तो अर्ज माझ्यासाठी कोणी दिला नाही. तिथे रोज सकाळ-संध्याकाळ मी काय करत होते, ते यादी करणाऱ्याने सांगावे.

पाडवा आठवड्यावर आला आहे. या पाडव्याला राधाकृष्ण आपले नाव काढून हजेरीखात्याच्या श्रीमंतचे घालणार आहे. श्रीमंतने त्याच्या बढतीसाठी साहेबांकडे शब्द टाकायचे कबूल केले आहे. राधाकृष्ण मला जेवता जेवता म्हणाला, "आई, तुझ्यानं आता व्हत न्हाई. श्रीमंतभाऊंला म्हशीसाठी घास लावायचाय, लावू दे." म्हणजे माझ्या वांग्यांच्या जागी म्हशीचा चारा. त्या दिवशी मी ताटावरून उठले आणि गुरुजींकडे गेले.

आता माझ्याकडे काय आहे आणि ते कोणाला, ते सांगते.

घर. घर नाही. खोली कारखान्याची आहे.

दागिने. मालकांच्या आजारपणात गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नेसूची चार लुगडी आहेत, त्यांतले हिरवे इरकली शेजारीण लंकाबाई हिला. तिने ते माझ्या अंगावर असतानाच दोनदा मागितले आहे. बाकीची फाडून रोपांना बांधायला घ्यावीत.

खुरपी दोन, कुदळ एक, विळा एक, आणि मालकांनी तेलाच्या डब्याला भोके पाडून केलेली झारी, ही सगळी सून पुष्पावती हिला. बियाण्याची सात गाडगी, राखेत ठेवलेली, तीही तिलाच. ती मी मोठ्या खुशीने देत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने माझा दुधी तोडला. साधा दुधी नव्हे, बियाण्याला राखलेला. त्याला मी तांबडी चिंधी बांधली होती, म्हणजे कोणी हात लावायचा नाही. तिचे माहेर अकोल्याकडचे. तिच्या माहेरी वेलाला चिंधी नजर लागू नये म्हणून बांधतात म्हणे. तिला वाटले, सासूने दृष्ट काढली, आता तोडायला हरकत नाही. तोडला आणि श्रीमंतच्याच घरी जेवणावळीला पाठवला. माझ्या आईकडून आलेले ते बी तिथे संपले. मी तिच्याशी सहा महिने बोलले नाही, आणि बोलायला हवे होते असे मला अजून वाटत नाही.

पण दोन वर्षांमागच्या दुष्काळात चारी कोरडी पडली, नळाला दोन तास पाणी, तेव्हा मी गुडघ्याने अंथरुणावर होते. वांग्याची सहा झाडे कोणी जगवली, हे मला ठाऊक नव्हते. पुष्पावती धुण्याभांड्याचे पाणी गाळून, पोर कडेवर घेऊन, रोज दोन बादल्या तिकडे नेत होती. मला तिने सांगितलेसुद्धा नाही, लंकाबाईने सांगितले. आज गाडग्यात वांग्याचे बी आहे ते त्या सहा झाडांचे. म्हणून गाडगी तिला.

येत्या वर्षाचे तिने असे करावे. पाडवा झाला की गवार आणि भेंडी टोकावी, दोन बिया एका जागी, तीन नाही. मृगात वांग्याचे रोप टाकावे, पातळ टाकावे. राधाकृष्ण एकदाच हौसेने आला होता तेव्हा त्याने मूठभर बी एका जागी ओतले होते, तसे नको. दोडक्याचा मांडव पश्चिमेच्या बांधाला घालावा. दिवाळीच्या मागेपुढे मेथी, मुळा आणि लसूण. पाण्याची पाळी मंगळवारी असते. दारे धरताना पाटकऱ्याशी गोड बोलावे आणि श्रीमंतशी मुळीच बोलू नये, कारण तो बोलण्यात गुंतवतो आणि तोवर आपले पाणी त्याच्या वाफ्यात जाते. बियाण्याच्या फळाला चिंधी कशासाठी बांधायची, हे तिला आता माहीत आहे.

श्रीमंतचे राहिले. त्याचे दोन तुकडे आमच्या शेजारी आहेत. दर पावसाळ्यात तो कुदळीने मधला बांध कोरतो. जमीन त्याची नाही, माझी नाही, कारखान्याची आहे, तरी कोरतो. गावी बापजाद्यांची शेते असताना जे करायचा, तेच इथे करतो. मी बोरीच्या काट्या रोवल्या तर म्हणाला, "म्हातारे, ही जागा काय वर घेऊन जानार हायेस?" त्याला उत्तर मी आज देते.

माती. तुकडा मिळाला तेव्हा तिथे भट्टीची राख आणि मुरूम होता. उन्हाळ्यात पाट बंद झाला की तळाचा काळा गाळ मी आणि मालकांनी पाट्या भरभरून डोक्यावर आणला, सात उन्हाळे. आज तिथे हातभर काळी माती आहे. पाटातला गाळ सरकारचा होतो, असे गुरुजी म्हणाले. तो वाहून ज्याच्या डोक्यावरचे केस गेले त्याचा होतो, असे लिहावे. ही माती मी पुष्पावतीला देते. तुकडा तिच्या हाती राहिला तर मातीने तिथेच राहावे. तुकडा श्रीमंतच्या नावावर गेला, तर तिने आणि लंकाबाईने माती पाटीपाटीने उचलून नळाच्या ओट्यामागे नेऊन टाकावी, खाली मुरूम लागेपर्यंत. कारखान्याने जसा तुकडा दिला तसा त्याला परत मिळेल. मग श्रीमंतने मुरमात घास लावावा.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात, असे गुरुजी म्हणतात. माझे पाडव्याला वाचावे, यादीच्या टेबलासमोर, सगळ्यांसमक्ष, मी तिथे उभी असताना. मी मेल्यावर राधाकृष्णाला रडू येईल आणि तो रडण्यात सुटून जाईल.

राधाकृष्ण याला मी काही देत नाही. वडिलांचे घड्याळ आणि सायकल त्याने आधीच घेतली आहेत.

साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला यात काही मिळते त्याची साक्ष नको, असे गुरुजींनी सांगितले. म्हणजे पुष्पावती नको, लंकाबाई नको. गुरुजींना मी काही ठेवलेले नाही, त्यांनी आजवर पुष्कळ भाजी नेली आहे, तेव्हा ते एक. दुसरा बाहेरचा आणायचा तर तो जाऊन श्रीमंतला सांगणार. मग यात काहीच न मिळणारा घरात एकच माणूस उरला. त्याला कारखान्यातल्या पाळीवरून आल्यावर बोलावले.

गुरुजींनी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवले. तो उभाच होता. मातीचे कलम संपल्यावर त्याने विचारले, "हे पाडव्याला समद्यांम्होरं वाचनार? माज्या सहीसकट?"

मी म्हटले, "व्हय. सहीसकट."

त्याने कोपऱ्यातल्या खुरप्यांकडे पाहिले. पुष्पावती दारात उभी होती. मग तो म्हणाला, "आई, मला येक खुरपंबी न्हाई का?"

मी म्हटले, "ते हातात धरनारीला दिलं."

त्याने खिशातला पेन काढला. हे सगळे गुरुजींनी जसे घडले तसे माझ्या सांगण्यावरून इथे लिहिले आहे, आणि ते वाचून मगच खालच्या सह्या झाल्या आहेत.

लिहून देणार : मालनबाई कोम पुंजाराम पालवे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १ : बन्सी गुरुजी, रात्रशाळा, कामगार वसाहत, लिहिणारही हेच

साक्षीदार २ : राधाकृष्ण पुंजाराम पालवे, मुलगा. मजकूर ऐकला. तुकड्यावर माझ्या जागी पुष्पावती राधाकृष्ण पालवे असे नाव लावावे, असा अर्ज उद्या मी स्वतः देतो.

ठिकाण : कामगार वसाहत, जिल्हा अहमदनगर
शुक्रवार, दिनांक १५ मार्च १९७४