अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगची पूर्वतयारी

मंगळवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.४०
ही टीव्हीवर येणार. बावीस वर्षे ग्रंथालयात फाटकी पुस्तके शिवते, त्यांना नव्या पाठी चिकटवते, त्याबद्दल दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमात बोलावले आहे. शनिवार, २७ तारीख, चार वाजता. थेट प्रक्षेपण. पुन्हा दाखवत नाहीत. म्हणजे ती स्टुडिओत असणार आणि स्वतःला बघू शकणार नाही.
जेवायच्या टेबलाशी म्हणाली, "अहो, मला एकदा बघायचंय, मी बोलताना कशी दिसते ते."
रेकॉर्डिंग माझ्याकडे लागले, असे मी जाहीर केले. तिने आणि कन्येने एकमेकींकडे पाहिले. विश्वास असा नजरेतच दिसतो.
पंचवीस दिवस आहेत. घाईची नाही, पद्धतीची गरज आहे.

बुधवार, ३ फेब्रुवारी
मी वजनकाटे तपासतो. शिक्षण नाही, हे सगळे स्वतः वाचून, उघडून, पुन्हा बसवून शिकलो. आमच्या कामात कुठलाही काटा वापरण्याआधी त्याची चाचणी होते, आणि चाचणीचे कागद सात वर्षे जपून ठेवावे लागतात. हीच शिस्त घरी लावायची.
आजपासून तक्ता. एकूण पद्धती पाच: माळ्यावरचा व्हीसीआर, कन्येचा संगणक, केबलवाल्याचा नवा डबा, हार्ड डिस्कचा रेकॉर्डर आणि मेहुण्याचा मोबाइल. निकष बावीस. प्रत्येकाला गुण. शंभरपैकी.

शनिवार, ६ फेब्रुवारी
व्हीसीआर खाली काढला. पुसला. घरात एकच कॅसेट मिळाली. घातली. यंत्राने ती खाल्ली. टेप हाताने ओढून काढली, सव्वाचार मीटर भरली.
कॅसेट मेहुण्याच्या लग्नाची होती. नुकसान मर्यादित.
व्हीसीआर: १९ गुण.

रविवार, ७ फेब्रुवारी
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, विमा विकतो. कॅसेटचे ऐकून म्हणाला, "बरं झालं भावोजी, त्यात माझी मिशी होती." मग म्हणाला, "एवढं कशाला करताय? मी येतो, सोफ्यावर बसतो, मोबाइल टीव्हीसमोर धरतो. झालं."
झालं! याला हात हलणे माहीत नाही, उजेडाचा कोन माहीत नाही. मोबाइलला ३ गुण दिले. तिन्ही "सहज उपलब्ध" या निकषात.
त्याला तक्ता दाखवला. बराच वेळ बघत होता. शेवटी विचारले, "यात ताईचा रकाना कुठंय?" विमावाल्यांना तक्ते कळत नाहीत.

बुधवार, १० फेब्रुवारी
कन्येच्या संगणकात टीव्हीचे कार्ड बसवले. तीन तास लागले. चित्र आले, पण हिरवे. आवाज आला, पण दुसऱ्या चॅनेलचा.
कन्या म्हणते, संगणक आता आडवा झोपवला तरच सुरू होतो. उभी जागा वाचली, अशी नोंद मी "फायदे" या सदरात केली. २७ गुण.
कन्या बारा तास माझ्याशी बोललेली नाही. अभ्यासाचा ताण असावा.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी
कामावरून येताना टीव्हीच्या दुकानात. केबलवाल्याचा नवा डबा पाहिला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे एक बटण. दाबा की रेकॉर्डिंग."
मी विचारले, दाबल्यावर आत काय होते?
म्हणाला, "रेकॉर्डिंग होतं."
ते कसे, हे त्याला सांगता आले नाही. ज्याचे आत काय होते ते विकणाऱ्यालाच माहीत नाही, त्याच्यावर मी बायकोची मुलाखत सोपवणार नाही. ४१ गुण.

रविवार, १४ फेब्रुवारी
केस कापले. हा न्हावी पूर्वी कापून झाल्यावर मागे आरसा धरून दाखवत असे. हल्ली दाखवत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास बसला की अशा औपचारिकता आपोआप गळतात.
तक्ता पूर्ण. हार्ड डिस्कचा रेकॉर्डर: ८८ गुण. निर्णय आकड्यांनीच दिला, मी फक्त बेरीज केली.

मंगळवार, १६ फेब्रुवारी
ही चॅनेलवाल्यांकडून एक फॉर्म घेऊन आली. सोमवार, २२ तारखेपर्यंत भरून दिला तर कार्यक्रमाची प्रत घरपोच देतात. म्हणाली, "असू दे ना हेही. एकाला दोन."
मी समजावले, की दोन व्यवस्था ठेवल्या की माणूस पहिलीत ढिला पडतो. फॉर्मवर "आवश्यकता नाही" असा शेरा मारून फाइलीत लावला. फाइलीला नंबर दिला.
ही म्हणाली, "बघा बाई." इथे बाई कोणीच नव्हती.

गुरुवार, १८ फेब्रुवारी
रेकॉर्डर आणला. वापरलेला आहे, पण सुस्थितीत. केबल आखूड निघाली, म्हणून यंत्र टीव्हीच्या पुढ्यात स्टुलावर ठेवले. टीव्हीचा खालचा कोपरा थोडा झाकला जातो. बातम्यांची पट्टी तेवढी दिसत नाही, आणि त्यात फारसे काही नसते.
माहितीपुस्तिका चौसष्ट पानांची. रात्री जेवणापूर्वी तीस पाने वाचून काढली. पान ८: उत्तम दर्जात सतरा तासांचे रेकॉर्डिंग मावते. अर्थातच उत्तम दर्जा ठेवला. पान ३१ पासून "अडचणी व उपाय" हे प्रकरण आहे. ते सोडले. आधीच अडचणींचा विचार करणारा माणूस अडचणींनाच निमंत्रण देतो.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी
चाचणी क्र. १. कार्यक्रम चार ते पाच आहे, पण सुरक्षिततेसाठी यंत्राला तीन ते पाच अशी वेळ लावून दिली. मी कामावर असताना ते आपोआप सुरू झाले, आपोआप थांबले. संध्याकाळी दोन तास पूर्ण तपासले. तीन ते चार भाजी चिरण्याच्या यंत्राची जाहिरात, चार ते पाच गप्पा. उत्तीर्ण.
आजपासून रोज याच वेळी चाचणी.

रविवार, २१ फेब्रुवारी
चाचणी क्र. ३. उत्तीर्ण. भाजी चिरण्याचे यंत्र गाजरही चिरते.
कन्या (बोलू लागली आहे) म्हणाली, "बाबा, जुन्या चाचण्या पुसत का नाही?" मी सांगितले की चाचणीचा पुरावा पुसणे म्हणजे चाचणी न केल्यासारखेच. आमच्याकडे सात वर्षे ठेवतात. ती म्हणाली, "सात वर्षं गाजरं?"
नव्या पिढीला नोंदींचे महत्त्व नाही.

बुधवार, २४ फेब्रुवारी
चाचणी क्र. ६. उत्तीर्ण. घरातली चारही घड्याळे रेडिओच्या वेळेशी जुळवली. ही आरशासमोर काहीतरी पुटपुटत होती. मला बघून थांबली. विचारल्यावर म्हणाली, "काही नाही, तुम्ही तुमचं बघा." तेच करतो आहे.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी
चाचणी क्र. ८. उत्तीर्ण. आठपैकी आठ. शहरात आज रेकॉर्डिंगसाठी माझ्याइतका सज्ज माणूस दुसरा नसावा. मेहुण्याला फोन करून सांगितले, उद्या ये, पण केवळ प्रेक्षक म्हणून.

शनिवार, २७ फेब्रुवारी
(नोंदी जागेवरच, मांडीवर वही ठेवून.)
१.३०. ही आणि कन्या स्टुडिओकडे. ही दारातून परत आली. "नक्की ना?" मी यंत्राकडे बोट दाखवले.
३.००. लाल दिवा लागला. सेकंदाचाही फरक नाही.
३.५०. मेहुणा हजर. सोफ्यावर बसला. हातात मोबाइल. हटकले तर म्हणाला, "मेसेज बघतोय, भावोजी."
४.००. दिवा लुकलुकू लागला. कार्यक्रम सुरू झाल्याचे यंत्राने स्वतःहून ओळखले असावे. पुस्तिकेच्या मी वाचलेल्या भागात याचा उल्लेख नाही. कौतुकास्पद.
४.१५. दिवा अजून लुकलुकतो आहे. खिडकीतून ऊन येते, त्यामुळे नीट दिसत नाही. स्टुलाजवळ गुडघे टेकून दोन्ही हातांचा आडोसा केला.
४.२१. हिचा आवाज. मी जागचा हललो नाही.
४.२४. मेहुणा: "भावोजी, जरा खाली बसा ना." मी मान न वळवता सांगितले की जबाबदारीवर असलेला माणूस बसत नाही.
४.२६. मेहुणा: "निदान डावीकडे." आडोसा आणखी घट्ट केला.
४.२९. पुस्तिका खाली पडली. उचलली. पुन्हा जागेवर.
४.३२. हिचे झाले. टाळ्या. अकरा मिनिटे. दिवा शेवटपर्यंत लुकलुकत होता, एकदाही विझला नाही.
मेहुणा घाईने गेला. चहासुद्धा घेतला नाही. हरलेला माणूस असाच जातो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.१५
दोघी सहाला आल्या. ही चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. मी बटण दाबले.
तीन ते चार, भाजी चिरण्याचे यंत्र. एक तास पुढे ढकलले. चार वाजताच्या ठोक्याला निळा पडदा.
पान ३१. "लाल दिवा लुकलुकत असल्यास डिस्क भरली आहे. जुनी रेकॉर्डिंग पुसावीत."
सोळा तास चाचण्या. एक तास आजचा. सतरा.
कन्या काहीतरी बोलणार होती, हिने तिचा हात दाबला. मग मला म्हणाली, "राहू दे. तुम्ही तरी नीट बघितलं ना? मी मधे अडखळले एकदा. वाईट दिसलं का हो?"
मी दिवा बघत होतो, असे सांगितले.
"अकरा मिनिटं?"
हो.
ती उठून स्वयंपाकघरात गेली. रागावली की भांडी वाजतात. आज वाजली नाहीत.

रविवार, २८ फेब्रुवारी
सकाळी मेहुणा. मोबाइल पुढे करत म्हणाला, "ताई, मी काढलंय. पण आधीच सांगतो, हसायचं नाही." मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही रडायचं नाही."
अकरा मिनिटांचे चित्रण. हात हलत नाही, उजेडाचा कोन योग्य, आवाज स्पष्ट. हिचा शब्द न् शब्द ऐकू येतो. दिसते ते मात्र माझे डोके. मागून. मधोमध. त्याच्या दोन्ही बाजूंनी टीव्ही थोडा थोडा दिसतो: डावीकडे सूत्रसंचालकाचा गुडघा, उजवीकडे फुलदाणी.
डोक्याच्या मागच्या बाजूला एक वर्तुळ आहे, तिथे केस नाहीत. सुरुवातीला मला ती स्टुडिओतल्या दिव्याची झळाळी वाटली. व्यास अंदाजे नऊ सेंटीमीटर.
कोणीच हसले नाही. मेहुणाही नाही. हसले असते तर बरे झाले असते.
आठव्या मिनिटाला मी पुस्तिका उचलायला वाकतो. तेवढा वेळ पडदा मोकळा. ही दिसते. हातात एक पाठ निघालेले पुस्तक, ते ती तान्ह्या बाळासारखे धरून बसली आहे, आणि कशावर तरी हसते आहे. मग माझे डोके परत येते.
हिने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. सहा वेळा. शेवटी स्वतःशीच म्हणाली, "एवढी वाईट नाही दिसत मी."
चार सेकंद. मी मोजले.

सोमवार, १ मार्च
कामावरून चॅनेलला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारले, "फॉर्म भरला होता का?" फॉर्म आहे, असे सांगितले. "कुठे?" फाइलीत. नंबरही सांगितला. त्या म्हणाल्या, फॉर्म आला नाही तर ते प्रत ठेवत नाहीत.
हिला सांगितले नाही. तिने विचारलेही नाही.

बुधवार, ३ मार्च
न्हाव्याकडे गेलो. केस वाढलेले नव्हते. मागचा आरसा मागितला. तो म्हणाला, "कशाला साहेब, आपण सहा वर्षं हा विषय काढला नाही." दाखवला. नऊ नाही, दहा सेंटीमीटर.
घरी आल्यावर पान ३१ ते ६४ वाचली. आठही चाचण्या पुसल्या. यंत्र सांगते, सतरा तास मोकळे आहेत. त्यात भरायला काही नाही. यंत्र स्टुलावरून काढले, स्टूल स्वयंपाकघरात परत नेले. बातम्यांची पट्टी दिसू लागली.
ही खिडकीजवळ टेबलाशी ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक शिवत बसली होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.
"काय हवंय?"
काही नाही म्हणालो. बघत बसलो. सुई आत घालताना ती ओठ एका बाजूला दाबते. हे आधी कधी टिपले नव्हते. वही जवळ होती, पण काढली नाही.
चार-पाच मिनिटे गेली. मग मान वर न करता म्हणाली, "अहो, उजेडातून जरा बाजूला व्हा."
झालो.