रिकाम्या हाताचं गिऱ्हाईक

८ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तू ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेस, तो पर्यावरण मंडळवाला काल दुकानात येऊन गेला. फोटोवरून ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. माणूस गिऱ्हाईक म्हणून कसा आहे, ते आधी बघावं म्हटलं.

अगं, साधं गिऱ्हाईक रंग विचारतं, बरोबर फुकट काय ते विचारतं आणि खोकं उचलून जातं. या पठ्ठ्यानं नवी कोरी इस्त्री उलटी केली, स्क्रू शोधले आणि बिघडली तर दुरुस्त होईल का, म्हणून विचारलं. माझं डोकंच फिरलं! शेवटी काहीही न घेता हसत हसत गेला. असे चार जण आले तर दुकानाला कुलूप. तुझी आई मात्र खुदुखुदु हसतेय.

तुझा संसार मी माझ्या दुकानातून भरून देणार, हे तू रांगत होतीस तेव्हापासून ठरलंय. हा घेऊ देईल का ते?

लोभ आहेच, रागही आहे.
बाबा

१५ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. पोट धरून हसला. त्याच्या घरी सगळं आहे, जुनं पण चालू. त्यामुळे नवीन काही नको, असं त्याचं म्हणणं आहे आणि माझंही. तुम्हाला किती लागेल ते ठाऊक आहे, म्हणून लिहवत नव्हतं.

पण तुमच्या हातचं काही नको, असं कुठे म्हटलंय? माळ्यावरची जुनी इस्त्री द्या. माझ्या गणवेशावर फिरायची ती. सारखी बंद पडायची, तुम्ही खोलून बसायचात आणि मी स्क्रू सांभाळायचे. दुकानात नव्या इस्त्र्यांची रांग लागलेली, तरी! तेव्हा तुम्ही कुठल्या मंडळात होतात हो बाबा?

लोभ वाढवा, राग दुकानातच ठेवा.
तुमची भिंगरी

२४ जानेवारी

चि. भिंगरीस आणि जावईबापूंस अ. उ. आ.

चांगलं पकडलंस बापाला! वर तुझी आई म्हणाली, तुमचीही गॅरंटी कधीच संपली, मी आणला का बदलून?

परवा तो पुन्हा आला. मी ओळख दिली, चहा पाजला आणि दोघांनी मिळून तुझी इस्त्री काउंटरवरच खोलली. नवी घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक ते बघत राहिलं आणि घरची जुनी दुरुस्तीला आणतो म्हणून निघून गेलं. लग्नाआधीच धंदा बुडवला जावयानं! स्क्रू मात्र त्याला सांभाळता येत नाहीत. ते काम तुझंच.

इस्त्री छान तापते. वायर पार गेली होती, ती तेवढी दुकानातली नवी घातली आहे. बापाकडून एवढं नवीन चालवून घ्या.

लोभ आहेच. राग शोधला, सापडला नाही.
बाबा