बॅजर्सचे खांदे

बेसिंगस्टोक,
ऑगस्ट २००६

प्रिय लीलावतीस,

नंदाचा सप्रेम नमस्कार. (तू माझ्याहून थोडी मोठी, म्हणून नमस्कार. अक्कल कुणाची मोठी हा विषय आज काढत नाही.) तुझी शुगर कशी आहे? भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. आता त्यांना तू स्पष्ट दिसत असशील, तेव्हा जपून राहा. आम्ही इथे लेकीकडे, पूर्वीकडे, सुखरूप आहोत. 'सुखरूप' लिहून मी जरा थांबले, कारण घरातल्या दोन पुरुषांपैकी जावयाला खाली बसता येत नाही आणि आमच्या ह्यांना हात वर करता येत नाही. बाकी सगळं छान. नात मायरा गोड आहे, हवा बरी आहे, आणि तूरडाळ इथेही मिळते.

तुला वाटेल, अपघात झाला. अपघात परवडला असता गं, तो एकदाच होतो. इथे बेसबॉल झाला.

आमचे जावई सुश्रुतराव ज्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतात, तिथे ग्रॅहम नावाचे एक साहेब आहेत. पन्नाशीचे, गोल, स्वभावानं फार भले. त्यांची बायको त्यांना सोडून गेली (देवाघरी नाही, साउथॅम्प्टनला) आणि रविवार खायला उठतो म्हणून त्यांनी बेसबॉलची टीम काढली. इंग्लंडात बसून अमेरिकेचा खेळ खेळायचा म्हणजे आपण रखरखत्या धरमपेठेत बर्फावर घसरायचा क्लब काढण्यासारखं, पण माणूस एकटा पडला की काय करेल सांगता येत नाही. टीमचं नाव बॅजर्स. बॅजर हा अस्वल आणि मुंगूस यांच्या मधला काहीतरी प्राणी आहे. इथे तो बहुधा रस्त्याच्या कडेला मेलेलाच दिसतो. नाव ठेवताना हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

खेळ तुला थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदानाच्या मधोमध एक उंचवटा असतो. त्यावर उभा राहून चेंडू फेकतो तो पिचर, म्हणजे आपला बोलर. समोर जमिनीत एक पांढरी पाटी पुरलेली असते, साधारण मायराच्या जेवणाच्या पाटाएवढी. चेंडू टप्पा न पडता त्या पाटीवरून, फलंदाजाच्या गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली, गेला पाहिजे. चार चेंडू चुकले की फलंदाज बॅट टाकून रमतगमत पुढच्या बेसवर (अशा चार खुणा फिरून आलं की एक धाव) चालत जातो, त्याला काही करावंच लागत नाही. थोडक्यात, पिचर धड नसेल तर बाकीची माणसं नुसती उन्हात उभी.

आणि बॅजर्सचा एकही पिचर धड राहिला नाही. पहिला डेव्ह. धंद्यानं प्लंबर, दंड आपल्या खलबत्त्यासारखे. त्यानं मे महिन्यात एका म्हातारीचा बॉयलर उचलला आणि खांदा घालवून बसला. मग काइल नावाचा कॅनडाचा मास्तर आला. त्याचं कोपर सुजलं. डॉक्टरांनी त्याला तज्ज्ञाकडे पाठवलं आणि तज्ज्ञांनी जी तारीख दिली त्या तारखेला काइलचा व्हिसाही संपतो आणि सीझनही. तिसरा नील. इथे उन्हाळ्यात गवताच्या परागांनी लोक शिंकतात. नीलनं चेंडू फेकायला पाय उचलला आणि त्याच क्षणी त्याला शिंक आली. पाठ जी धरली ती धरलीच. त्याला त्याच पोझमध्ये, एक पाय पुढे करून, चौघांनी उचलून व्हॅनमध्ये आडवा ठेवला. (मी हसले नाही. तोंडावर पदर घेतला होता, त्याला हसणं म्हणत नाहीत.) उरलेल्यांना एकेकदा उभं करून पाहिलं. त्यातल्या एकानं अंपायरलाच जायबंदी केलं.

शेवटी ग्रॅहमसाहेबांना शोध लागला की सुश्रुतराव कॉलेजात असताना फास्ट बोलिंग करायचे. आता आयुष्यभर टप्पा टाकायची सवय असलेल्या माणसाला टप्पा न पाडता टाक म्हटलं तर काय होणार? पहिल्या सामन्यात जावयांनी इतके सुंदर यॉर्कर टाकले की आमच्या ह्यांनी बाकावरून टाळ्या वाजवल्या, आणि समोरची टीम एकामागून एक नुसती चालत जिंकली. दुसऱ्या सामन्यात जावई टप्पा विसरले, पण त्या नादात मांडीचा स्नायू ताणून बसले. पूर्वीला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून घरी आल्यावर जणू काही झालंच नाही असा चेहरा करून मायराला पाठीवर घेऊन घोडा घोडा खेळायला लागले. घोडा गालिच्यावर खाली बसला तो उठेना. मायरा धावत स्वयंपाकघरात आली. "आजी, कम क्विक! बाबा तुटली!" तिचं मराठी असंच आहे, पण निदान बरोबर होतं.

पूर्वी माझ्यावर गेली आहे, त्यामुळे नवरा आडवा असताना ती गप्प बसली नाही. "तीस वर्षांचा घोडा झालास तू," असं ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे कळून स्वतःच हसत सुटली. बेसबॉल बंद, असा घरात कायदा झाला.

त्याच शनिवारी ग्रॅहमसाहेब आले. मी कांदेपोहे दिले. पोहे खाता खाता त्यांचे डोळे भरून आले. (मला आधी वाटलं, मिरची.) सीझनचा एकच सामना उरला होता. पिचर नाही म्हणून दोन सामने त्यांनी आधीच सोडून दिले होते. तिसरा सोडला तर लीग बाहेर काढणार आणि कौन्सिल ते मैदान फुटबॉलवाल्यांना देणार. "हरायला माझी काही हरकत नाही," साहेब म्हणाले, "आम्ही वर्षभर हरतोच आहोत. पण खेळायलाच आलो नाही असं व्हायला नको. मग रविवारी मी करू काय?"

आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "मी टाकतो."

लीले, आता एक गोष्ट लिहिते, ती मी तुला फोनवर कधी सांगितली नाही. बँकेतून रिटायर झाल्यापासून हे हळूहळू गप्प होत चालले होते. वाटलं, लेकीकडे येऊन बरं वाटेल. इथे तर अधिकच. वाद घालायला शेजारी नाही, फेरफटका मारावा तर गोल चक्करावरून दुसरं गोल चक्कर. दिवसभर त्या खिडकीशी बसायचे. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणायचे, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं गं बाहेर. रात्री जेवताना चार माणसांचं बोलणं व्हायचं, त्यात ह्यांचं एक अक्षर नसायचं. मी भ्यायले होते.

पूर्वी म्हणाली, "बाबा, प्लीज! तुमचं वय काय, ब्लडप्रेशर काय!"

"चेंडू मी हातानं टाकणार आहे, ब्लडप्रेशरनं नाही," हे म्हणाले.

बँकेच्या टीमकडून लेगस्पिन टाकणारा हा माणूस बायकोशी सुद्धा इतकं झणझणीत कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मी पूर्वीला म्हटलं, "टाकू दे त्यांना."

रविवारी बॅजर्सचा काळा-पांढरा शर्ट घालून हे उंचवट्यावर चढले. शर्ट डेव्हचा, गुडघ्यापर्यंत येत होता. समोरची पोरं एकेक दरवाज्याएवढी. त्यांना जोरात येणाऱ्या चेंडूची सवय. ह्यांनी चेंडू असा हळू, असा उंच सोडला की मध्ये मला वाटलं, विसरला की काय यायचं. फलंदाजानं बॅट फिरवली, पूर्ण गिरकी घेतली, टोपी खाली पडली, आणि मग चेंडू सावकाश पाटीवरून गेला. दुसरा फिरवून बसला. तिसऱ्यानं अंपायरकडे तक्रार केली की हे काय आहे. अंपायर म्हणाला, नियमात बसतं. ह्यांनी टोपी काढून त्याला नमस्कार केला. मी बाकावर उभी राहून काय काय ओरडले ते लिहीत नाही. मराठीत ओरडले, म्हणून निभावलं.

शेवटच्या इनिंगपर्यंत आम्ही एका धावेनं पुढे होतो. पण ह्यांचा हात आता दुखायला लागला होता, दूरवरूनही कळत होतं. ग्रॅहमसाहेब जवळ जाऊन म्हणाले, पुरे. ह्यांनी मान हलवली. पुढचा चेंडू जरा खालीच राहिला, आणि एका लालबुंद पोरानं तो झाडांच्या पलीकडे, थेट हमरस्त्यावर भिरकावला. बेसवर एक जण होताच. दोन धावा गेल्या, सामना गेला. चेंडू दिसेनासा होईपर्यंत हे बघत राहिले आणि मग त्या पोराला म्हणाले, "ब्यूटिफुल शॉट."

आपण हरलो आणि आपलीच माणसं नाचत होती! डेव्हनं ह्यांना एका हातानं उचललं (दुसरा निकामी). ग्रॅहमसाहेब सगळ्यांना मिठ्या मारत सुटले, त्यात समोरच्या टीमचा कप्तानही सापडला. जिंकलेली पोरं, आपलं काही चुकलं का, अशा चेहऱ्यानं बघत होती. लीगमधली जागा राहिली, मैदान राहिलं.

त्या दिवसापासून ह्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मी भरवते. पण घास तोंडात जायला तोंड मिटलेलं सापडेल तर ना! सकाळी डोळे उघडल्यापासून बोलतात. त्या शेवटच्या चेंडूला बोट कुठे ठेवायला हवं होतं, हे मी आता झोपेतही सांगू शकते. काल मी वैतागून म्हटलं, जरा गप्प बसा, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून थोडी रडले. आनंदानं गं.

भावोजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद.

तुझी,
नंदा

ता. क. तुझा धाकटा अपूर्व पुढच्या महिन्यात रेडिंगला शिकायला येतोय असं कळलं. इथून ट्रेननं अगदी जवळ. परक्या देशात एकटा राहील, त्याला घरचं जेवण मिळावं असं मला मनापासून वाटतं. दर रविवारी आमच्याकडे यावं, पूर्वी पुरणपोळीसुद्धा करते. उंच आहे ना तो? खांदा कसा आहे? उजवा.

ता. क. २. वरचं सगळं वाचून तू नाही म्हणशील, हे पत्र पुरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण एवढं लिहिलेलं आता फाडवत नाही. त्याला वाचून दाखवताना तूरडाळीपर्यंतच दाखव.

ता. क. ३. शिंका येतात का त्याला?