मागची गाडी

३ नोव्हेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर आपण दोघंही एकदमच बोलतो आणि कोणाचंच कोणाला कळत नाही. शिवाय तोंडी हुकूम वाऱ्यावर जातो, असं बाबा म्हणायचेच.

बाबांच्या माजी सैनिक संघटनेकडून निरोप आला. महिनाअखेरीस त्यांच्या सभागृहात बाबांचा फोटो लावणार आहेत आणि मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. दोन शब्दांत माझं भागत नाही हे तू जाणतेसच, जन्मभर हेडमास्तरकी केली आहे. भाषण सोबत पाठवतो. ‘निधड्या छातीचा हा सिंह’ ही सुरुवात मला स्वतःला फार आवडली. आईला वाचून दाखव. ती पहिल्या रांगेत मधोमध बसायला हवी. मी विचारलं तर बघू म्हणाली. तिच्या बघूचा अर्थ आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून काळजी वाटते.

जावईबापूंना नमस्कार. उलट उत्तर न देता लोभ करता आला तर करावा.

तुझा दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

भाषण पोचलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आधी मीच वाचलं, मग विक्रीचा एक चष्मा लावून पुन्हा वाचलं. सिंह काही हलला नाही.

आईला वाचून दाखवलं तेव्हा ती मटार सोलत होती. दुसऱ्या पानावर हे कोणाबद्दल चाललंय असं तिने विचारलं. बाबांबद्दल, असं सांगितलं तर म्हणाली, की घरात पाल निघाली की हा सिंह खुर्चीवर चढायचा आणि झाडू घेऊन ती जायची. हे असलं वाचणार असशील तर ती येणार नाही, असं तिने निक्षून सांगितलंय. मी मध्ये पडून बघितलं, मलाच मटार सोलायला बसवलं.

अरे, आपले बाबा लष्करात ट्रक चालवायचे. ताफ्यातल्या प्रत्येकाने आपल्या मागची गाडी सांभाळायची, ती दिसेनाशी झाली की थांबायचं, हा त्यांचा नियम. घरातही तोच. पुढे बाबा, मग तू, मग मी, शेवटी आई, असे आपण भाजी आणायलासुद्धा ओळीने जायचो. मामाच्या लग्नाला निघालो होतो ते आठवतं? फलाटावर आई पिशवीचा तुटलेला बंद बांधायला थांबली. ती थांबली म्हणून मी, मी थांबले म्हणून तू, आणि तू थांबलास म्हणून बाबा सामान डब्यातच सोडून खाली उतरले. चौघांच्या डोळ्यांदेखत गाडी सुटली. लग्नाला आपलं सामान तेवढं वेळेवर पोचलं. मामाने त्याचा राग कितीतरी वर्षं धरला, पण बाबा बाकावर बसून खुशीत हसत होते. म्हणाले, की गाड्या छप्पन्न मिळतील, आपलं माणूस एकही मागे राहिलं नाही. हे सांग की सभेत.

वहिनींना नमस्कार. राग आला असेल तर येऊ दे, लोभ त्याच्या शेजारी बसेल.

चिमणी

१५ नोव्हेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद. (अनेक नाहीत.)

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. बाबांच्या बरोबरीची माणसं पदकं लावून बसणार आणि त्यांच्यासमोर मी पाल आणि पिशवीचा बंद सांगू? बाबांचं हसं होईल, आणि माझंही.

खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. लढाईबद्दल मी त्यांना कितीदा विचारलं, दरवेळी ते टायरमधल्या हवेवर घसरायचे. थोरला मुलगा असून मला त्यांची लढाई माहीत नाही, म्हणून सिंह घालावा लागला. पण आई आली नाही तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तिची समजूत घाल. हवं तर सिंहाचा वाघ करतो, त्याच्या खाली येणं मला जमणार नाही.

तुझ्यावर लोभ आहे, पण सध्या तो दुसऱ्या खोलीत आहे.

दादा

२० नोव्हेंबर

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चिमणीने वाचून दाखवलं. वाघही नको.

लढाई हवी ना तुला, मग ऐक. यांनी ती मला एकदाच सांगितली, नळ दुरुस्त करताना, माझ्याकडे पाठ करून. ताफा घाटातून चालला होता आणि वरून तोफा सुरू होत्या. काहीही झालं तरी कोणी थांबायचं नाही असा त्या दिवशी साहेबाचा हुकूम होता. यांच्या आरशात मागची गाडी दिसेना. हे थांबले आणि चालत मागे गेले. पाय इतके लटपटत होते की मध्येच रस्त्यावर बसावं लागलं, आणि भीतीने विजार ओली झाली. गाडी कड्यावर लोंबत होती. आतल्या माणसाला ओढून काढलं आणि पाठीवर घेऊन आले. पदक नाही मिळालं, हुकूम मोडला म्हणून साहेबाच्या शिव्या मिळाल्या.

तुझ्या सिंहाला भीतीच वाटत नाही, मग त्याने मागच्या गाडीकडे जाण्यात कसलं कौतुक? मी संसार केला तो या घाबरणाऱ्या माणसाशी. त्याचा फोटो लावणार असाल तर मी येईन. तुझ्या सिंहाला मी ओळखत नाही, परक्याच्या समारंभाला मी कशाला येऊ.

खोकल्याचं औषध घे. आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तू वापर.

आई

१ डिसेंबर

चि. चिमणीस अनेक, अगदी अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याने दगा दिला नसता तर तूही सभेला आली असतीस आणि हे लिहावं लागलं नसतं. आई आली. पहिल्या रांगेत मधोमध बसली आणि भाषण कुठे आहे असं तिने मला डोळ्यांनीच विचारलं. मी रिकामे हात दाखवले.

आधी सुटलेली रेल्वे सांगितली, सगळे पोट धरून हसले. मग घाट सांगितला, विजारीसकट. या वेळी कोणी हसलं नाही. इतकी वर्षं पोरांना शिस्त लावणारा मी, टेबल धरून उभा होतो. तेवढ्यात मागून एक जाडजूड निवृत्त अधिकारी उठले आणि शांतपणे म्हणाले, की त्यांची तर दोनदा ओली झाली होती. मग काय विचारतेस, प्रत्येकालाच सांगायचं होतं. शेवटी जास्त कोण घाबरलं होतं यावरून दोघांची अशी जुंपली की अध्यक्षांना फोटोचा पडदा उघडायची आठवण आईने करून दिली.

परतताना टॅक्सीत मी आईला विचारलं, की बाबांनी हे मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, की लहानपणी मी गल्लीभर सांगत फिरायचो, माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत म्हणून. ते बाबांनी खिडकीतून ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांना सगळ्यात जास्त भीती माझी वाटायची, खरं कळलं तर थोरला काय म्हणेल याची. मला फार वाईट वाटलं गं. मी काहीसुद्धा म्हटलं नसतं, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, की तिने हेच त्यांना जन्मभर सांगितलं होतं.

गुडघा शेक. लोभ असू दे, पण यापुढे मला उगाच मोठा समजू नकोस.

दादा