सोळा हातांची होडी

तात्या,

मी तुमचा थोरला मुलगा. वय वर्षे एक्क्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी पास, वर्गात पहिला नंबर. धंदा होड्या बांधण्याचा, हल्ली बंद. दृष्टी शाबूत, स्मरण शाबूत. नाव तुम्हीच ठेवलेत, ते तुम्हांस कळविण्याची जरुरी नाही. पुढील मजकूर कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. तो लिहिण्यास मला अडुसष्ट वर्षे लागली, एवढेच प्रथम नमूद करतो.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आपल्या खाडीवरच्या तरीसाठी, म्हणजे माणसे पलीकडे पोचविण्यासाठी, लोकल बोर्डाला तीन नव्या होड्या हव्या होत्या. त्याची नोटीस चावडीच्या भिंतीवर लागली आणि मी ती तुम्हांला मोठ्याने वाचून दाखविली. तिन्ही होड्यांचे काम एकाच मक्तेदारास मिळेल, प्रत्येक होडी चोवीस फूट लांब असावी, टेंडर मोहोरबंद पाकिटात यावे. तुम्ही दोनदा वाचावयास सांगितलेत आणि म्हणालात, "म्हंजे मुंबैवाल्याला द्यायचं ठरलंय. आपल्या मांडवात तीन होड्या मावतात तरी काय?" आपला मांडव एका होडीचा होता. हर्ण्याच्या मिस्त्रींचाही एकाचाच. खाडीकाठचा एकही कारागीर तीन होड्या वेळेत देऊ शकला नसता आणि मुंबईच्या ठेकेदाराने ही खाडी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपण दोघे पहाटेस निघून तालुक्याच्या कचेरीत गेलो. तुम्ही डोक्याला धुतलेला रुमाल बांधला होता आणि वहाणा कचेरीच्या पायरीखाली काढून ठेवल्या होत्या. मी आजही ती खोली पाहतो. टेबलापलीकडे बसलेले रावसाहेब मान वर न करता म्हणतात, "मिस्त्री, टेंडर तीन होड्यांचं आहे, एकीचं नाही." तुम्ही हात जोडून, पण ताठ उभे राहून उत्तर देता, "रावसाहेब, तरीला तीन होड्या एकदम सुटतात काय? एक जाते, मग दुसरी सुटते. कामबी तसंच येकेक सोडा की." रावसाहेब प्रथम हसतात, मग हसू आवरून माझ्याकडे पाहतात. "मुलाला लिहिता येतं ना? मग अर्ज द्या."

तो अर्ज मी लिहिला. त्यात एकही काना चुकलेला नव्हता, हे मी आजही अभिमानाने सांगतो. महिन्याभराने निकाल आला. दोन होड्या मुंबईच्या ठेकेदाराकडे गेल्या, एक वेगळी काढून आपल्याला मिळाली. शिवाय रावसाहेबांनी शब्द दिला की ही होडी तपासणीत पास झाली तर येथून पुढे तरीचे काम एकेक करून खाडीकाठच्या मिस्त्रींना सोडण्यात येईल. हर्ण्याचे मिस्त्री मुद्दाम चालत आपल्याकडे आले. "दादा, तुमची होडी ती आमची होडी. तुमची बुडली तर आमचीबी बुडली," असे म्हणून त्यांनी आईच्या हातची पेज घेतली आणि परत गेले. तुम्ही त्या रात्री आईला म्हणालात, "बरं केलं पोराला शाळेत घातलं." तुम्ही माझ्यासमोर माझी स्तुती कधी केली नाहीत. ती मी भिंतीआडून ऐकली.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या घराण्याची रीत अशी की होडी बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हातानेच मोजावयाची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. परकी काठी लावली तर होडी परकी होते, ती मालकाचे ऐकत नाही, असे आजोबा सांगत. लांबीची खूण करण्याच्या दिवशी तुम्ही कड्यावरच्या गणपतीच्या दिशेने नमस्कार करून वाळूत गुडघे टेकलेत आणि मला हाक मारलीत. "चोवीस फूट म्हंजे किती हात रे?" मी तत्काळ उत्तर दिले, "सोळा. दीड फुटाचा एक हात. कोष्टकात आहे." तुम्ही क्षणभर आपल्या हाताकडे पाहिलेत. तुम्ही अंगाने लहान होतात, तात्या. "ती शाळेची फूटपट्टी आण. माजा हात मोजून बग येकदा," असे तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "हात म्हणजे हात. पुस्तक खोटं असतं काय?" तुम्ही हसलात. "नाय बाबा. पुस्तक कसं खोटं असंल." आणि वाळूत कोपर टेकीत टेकीत तुम्ही सोळा हात मोजलेत.

होडी इतकी देखणी झाली की तरीची होडी हाकणारे म्हातारे तांडेल रोज संध्याकाळी येऊन तिच्या फळ्यांवरून हात फिरवीत आणि म्हणत, "मिस्त्री, ही बाई कोणाला बुडवणार नाय." तपासणीच्या दिवशी हर्ण्याचे मिस्त्री आले, आई नारळ घेऊन काठावर उभी राहिली. ओव्हरसियर पुण्याकडचे होते. शिपायाने टेपचे एक टोक नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, धरले, दुसरे त्यांनी मागे नेले, आणि वाचून दाखविले, "बावीस फूट आठ इंच." पुन्हा मोजले. तेवढेच.

"मिस्त्री, कागदावर चोवीस आहे. सोळा इंच गेले कुठे? खाडीत वाहून गेले?"

चारसहा लोक हसले. तांडेल पुढे झाले. "सायेब, पाण्यात कशी बसलीय बगा तरी. चमचाभर पाणी आत नाय."

"तांडेल, टेंडर पाण्याचं नाही, लांबीचं आहे. हे लोक आधी पायरीवर येऊन रडतात आणि मग सोळा इंच लाकूड खातात."

लाकूड खातात. तुमच्या तोंडावर. वादळात मोडलेल्या होडीच्या फळ्यासुद्धा ज्याची त्याला परत नेऊन देणारे तुम्ही. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. रागाने नव्हे. वाट पाहिल्यासारखे. मला त्याच क्षणी सर्व उमगले होते. कमी पडलेल्या सोळा इंचांना सोळा हातांनी भागावयाचे होते, मला भागाकार येत होता. तुमचा हात सतरा इंचांचा होता. मी खाली पाहिले. मग तुम्ही म्हणालात, "माजा हात आखूड पडला, सायेब. चूक माजी."

होडी नापास झाली. ती पुढे हर्ण्याच्या एका कोळ्याने मासळीसाठी नेली. पुढील साली नोटीस लागली तेव्हा ती पुन्हा एकत्र तीन होड्यांचीच होती. तुम्ही मला ती वाचावयास सांगितली नाहीत. हर्ण्याचे मिस्त्री मुंबईस गोदीत कामाला गेले. तुम्ही मात्र रीत मोडलीत. प्रत्येक फळीला माझी शाळेची फूटपट्टी लावून विचारीत असा, "बरोबर ना रे? बग हां येकदा." दर वेळी. मरेपर्यंत. तात्या, तुम्ही मला एकदा तरी मारावयास हवे होते.

तुमच्या मागे मी दोघा मिस्त्रींना जोडीस घेऊन तरीच्या होड्या मिळविल्या, एकदा नव्हे, अनेकदा. तरुण कारागीर अजून विचारावयास येतात की मोठ्या ठेकेदारापुढे लहानाने कसे टिकावे. मी सांगतो, नोटीस दोनदा वाचा, मोठे काम तोडून मागा, जमल्यास जोडीने जा, आणि माप कचेरीच्या टेपने घ्या. शेवटची गोष्ट कोठे शिकलो, असे कोणी विचारले तर अनुभवाने, असे सांगतो.

परवा मी माझा हात मोजला. इतकी वर्षे मोजला नव्हता. सतरा इंच भरला. कोपर टेबलावर तसेच होते, आणि तुम्ही वाळूत गुडघे टेकून पुढे सरकत आहात असे वाटत राहिले. हा कागद टपालात पडणार नाही. पत्ता नाही आणि असता तरी मी तो टाकण्याचे धैर्य केले असते असे शपथेवर सांगता येत नाही.

त्या वेळी समक्ष हजर असलेले इसम: ओव्हरसियर, टेप धरणारा शिपाई, तरीवरचे तांडेल, हर्ण्याचे मिस्त्री, न फोडलेला नारळ हाती धरून आई. होडीला टेकून तुम्ही. आणि तुमच्यापासून दोन हातांवर मी. तुमच्या हाताने दोन.