देव्हाऱ्यातल्या गोळ्या

आई, तळेघरचा तुझा देव्हारा आता नारायणगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये आहे. खंडोबाच्या टाकाशेजारी तू गोळ्या ठेवायचीस, ती जागा मी इतकी वर्षं रिकामीच ठेवली होती. लहानपणी न्यूमोनियात मी हातचा गेलोच होतो. बाबांनी खांद्यावर टाकून घोडेगाव गाठलं, आणि तिथल्या डॉक्टरांच्या औषधानं मी उठून बसलो, भात मागितला. उरलेल्या गोळ्यांना तू हळदकुंकू वाहिलंस. "लई मोठं औषध हाय, समदं संपवायचं नाय. पुढं कुणाला लागंल." मग आळीत कुणाचं पोर तापलं की तू त्यातली एक काढून द्यायचीस. मोठा झाल्यावर मी त्या हळदकुंकवाची थट्टा करायचो, पण बरं वाटलं की औषध थांबवून उरलेलं जपायची सवय मात्र जशीच्या तशी उचलली.

यंदा तुझ्या नातीला लघवीचा संसर्ग झाला. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, उतार पडला की थांबवायच्या, असं काही महिने चाललं. मग एका दुपारी ती थंडीनं अशी कापायला लागली की कॉट वाजत होती. दवाखान्यात नेहमीचं औषध लागूच पडेना. पोर जाते की काय, या भीतीनं मी डॉक्टरांच्या मागोमाग लॅबपर्यंत गेलो. लॅबवाल्या बाईंनी मला एक बशी दाखवली. तिच्यात पोरीच्या अंगातले जंतू वाढवले होते आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या पांढऱ्या टिकल्या ठेवल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक टिकलीला जंतू खेटून बसलेले. "अर्धवट औषधाला सरावलेत हे, भाऊ," बाई म्हणाल्या. एकीभोवती मात्र स्वच्छ गोल, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. "ह्ये एवढंच चालंल." आई, मी बघतच राहिलो. डोळ्याला न दिसणारा जीव एवढं शिकतो, आणि माणूस त्यालाही अडवणारं काहीतरी शोधून ठेवतो! माझे हात आपोआप जोडले गेले.

पोर त्याच औषधानं वाचली. घरी आल्यावर ताप नव्हता, गोळ्या उरल्या होत्या, आणि पाकीट घेऊन माझा हात देव्हाऱ्याकडे निघाला. "पप्पा, द्या इकडं. त्या संपवायच्यात," ती म्हणाली, आणि तिनं संपवल्या.

हे तुला पोचणार असतं तर लिहिलं नसतं. तुझ्या जिवाला लागलं असतं. तुझ्या गोळ्यांच्या जागेवर आता ते रिकामं पाकीट ठेवलंय. रोज हळदकुंकू वाहतो. फक्त आधी, कुणी बघत नाही ना, ते पाहून घेतो.