वाघाचं सपाट तोंड

बाबा, तुमचा वाघछाप रुपया आईने घासलेला नव्हता. काल रामदासपेठेत नाणी पारखणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी तो भिंगाखाली धरून सांगितलं. दादाला तुमचा संग्रह विकायचा आहे, म्हणून मी तो रुपया त्यांच्याकडे नेला होता. "टाकसाळीतूनच असा आला आहे हा," ते म्हणाले. "निकेल कडक धातू. ठशाचा जोर कमी पडला की उंच भाग नीट उठत नाही. तोंड सपाट आहे, पण चमक त्याच्यावरूनही अखंड फिरते. घासल्याची एक रेघ नाही."

यातलं काहीच मला नवीन नव्हतं. तुमच्याकडूनच शिकले होते. रविवारी सकाळी नाण्यांची हौस असलेली मंडळी ओसरीवर जमायची आणि तुम्ही नाणं कडेने धरून उन्हात हळूच कलतं करायचात. "नक्षी पुसट दिसते म्हून झिजलं म्हणू नका गा. चमक तुटली तर झीज. चमक फिरली तर ठसाच कच्चा."

आणि तो दिवस. दिवाळी नुकतीच झाली आहे. कन्हानचे तुमचे मित्र तसाच रुपया घेऊन आले आहेत, आणि त्यांच्या वाघाचं तोंड कसं कोरल्यासारखं आहे. तुम्ही आपला रुपया काढून शेजारी ठेवता आणि तुमचा चेहरा उतरतो. लक्ष्मीपूजनाला तो चौरंगावर होता, पूजेची भांडी आई चिंच आणि राखेने घासते. तुम्हाला तेवढा पुरावा पुरला.

"काहून वं, यालेही चिंच लावली का तू?"

"म्या त्याले हात नाही लावला जी. तुमीच ठेवला, तुमीच उचलला."

"मंग काय वाघ सोताच नळावर जाऊन तोंड घासून आला?"

कन्हानचे काका खो खो हसले. "वैनी, पुढच्या दिवाळीले उटणंही लावजा त्याले!"

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. पण तो विनोद तुम्हाला आवडला. नाण्यांच्या कपाटाला कुलूप लागलं, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगू लागलात, "आमच्या घरी वाघाले आंघोळ घालतेत." लोक आईकडे बघून हसायचे. ती पाहुण्यांसमोर येताना कोरडे हातही पदराला पुसत यायची. पुढे लक्ष्मीपूजनाला तुम्ही चौरंगावर नाणी मांडत असलात की ती दारातच उभी राहायची.

तुमची चूक झाली याचा मला राग नाही. नाणं कलतं करून पाहायला एक क्षण लागतो; परक्यांच्या नाण्यांना तुम्ही तो दिलात, आईला दिला नाहीत. याचा राग आहे. आणि काल घरी परतताना त्याहून वाईट विचार मनात आला. तुम्ही पाहिलं असणारच. कधीतरी एकटे असताना तो उन्हात धरला असणार. तुमच्यासारखा माणूस त्याशिवाय राहूच शकत नाही. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि तरीही पुढच्या पाहुण्याला तुम्ही तेच सांगितलंत.

एक कबूल करते. ते गृहस्थ भिंग लावत होते तेव्हा मी मनात म्हणत होते, निदान एखादी रेघ निघू दे. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते आहे.

दादा म्हणतो, "बाबा गेले, आता आईले काहून सांगून राहिली तू?" येत्या रविवारी ते गृहस्थ प्रताप नगरला दादाच्या घरी बाकीचा संग्रह पाहायला येतील. मी त्यांना सांगून ठेवलं आहे, आधी हा रुपया, आणि आईसमोर. ती बहुधा ऐकून नुसतं "बरं" म्हणेल आणि चहा टाकायला उठेल. मी तिला उठू देणार नाही.